हमीदारांच्या तावडीत सापडलेले बेट

जून २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान सायप्रसच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांनी त्या दौऱ्याचा एकच अर्थ लावला : महिनाभरापूर्वी पाकिस्तानची उघड बाजू घेणाऱ्या तुर्कस्तानला भारताने दिलेला शह. हा अर्थ चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या साऱ्या चर्चेत सायप्रस हा देश म्हणून कुठेच नव्हता. होती ती फक्त कोणाला तरी डिवचण्यासाठी सापडलेली एक सोयीची जागा. गंमत अशी की या बेटाकडे पाहण्याची ही तऱ्हा आपण शोधून काढलेली नाही. गेली सुमारे दीडशे वर्षे प्रत्येक मोठ्या सत्तेने सायप्रसकडे असेच पाहिले आहे आणि तसे पाहताना स्वतःला त्या बेटाची रक्षणकर्ती म्हणवून घेतले आहे. ग्रीक आणि तुर्क यांचे जुने वैर, त्यातून उसळलेला हिंसाचार आणि मग फाळणी, ही सायप्रसची नेहमी सांगितली जाणारी कथा खरी असली तरी अपुरी आहे. माझ्या मते बेट दुभंगले ते त्याला दिल्या गेलेल्या हमीमुळे, आणि ते दुभंगलेलेच राहिले आहे ते ही अवस्था सर्व बड्या सत्तांना परवडते म्हणून.

नकाशा समोर ठेवला की निम्मी गोष्ट आपोआप उलगडते. ९,२५१ चौरस किलोमीटरचे हे बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर आणि सीरियापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. ग्रीसची मुख्य भूमी मात्र तिथून जवळजवळ ८०० किलोमीटर दूर पडते. बेटावरील बहुसंख्य लोकांची भाषा आणि धर्म ग्रीसचा, पण भूगोल तुर्कस्तानचा. त्यात सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या या कोपऱ्याला एकाएकी नवे मोल आले.

१८७८ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने ऑटोमन सुलतानाशी करार करून सायप्रसचा कारभार आपल्याकडे घेतला. त्या बदल्यात रशियाने आशियातील ऑटोमन मुलखावर चाल केली तर सुलतानाच्या बाजूने उभे राहण्याचे वचन ब्रिटनने दिले. बेटाची मालकी कागदोपत्री सुलतानाकडेच राहिली, म्हणून सायप्रसने दरवर्षी त्याला खंडणी द्यावी असे ठरले. तो आकडा होता ९२,७९९ पौंड, ११ शिलिंग आणि ३ पेन्स. शिलिंग-पेन्सपर्यंत हिशेब लावलेली ही रक्कम सायप्रसच्या शेतकऱ्याकडून करातून वसूल होत असे, परंतु ती इस्तंबूलला पोहोचत नसे. क्रिमियाच्या युद्धासाठी सुलतानाने १८५५ मध्ये जे कर्ज काढले होते, त्याला ब्रिटन आणि फ्रान्स जामीन राहिले होते. सुलतानाकडून फेड होईना, तेव्हा ब्रिटनने ही खंडणी लंडनमध्येच अडवून ती त्या कर्जाच्या व्याजाकडे वळवली. जामीन राहिलेल्या दोन साम्राज्यांची जोखीम अशा रीतीने एका गरीब बेटाच्या डोक्यावर आली आणि १९२७ पर्यंत तिथेच राहिली. सायप्रसच्या आयुष्यात ‘हमी’ हा प्रकार पहिल्यांदा शिरला तो असा.

एवढे करून ब्रिटनला त्या बेटाची गरज होतीच असेही नाही. चारच वर्षांत इजिप्त ताब्यात आल्यावर सायप्रसचे महत्त्व ओसरले. पहिल्या महायुद्धात तुर्क जर्मनीच्या बाजूला गेले म्हणून १९१४ मध्ये ब्रिटनने बेट रीतसर खालसा केले; १९१५ मध्ये ग्रीसने युद्धात उतरावे म्हणून तेच बेट ग्रीसला देऊ केले आणि ग्रीसने ते नाकारले; आणि ऑटोमन मुलूख आपसांत वाटून घेण्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी केलेल्या १९१६ च्या सायक्स-पिको करारात, फ्रान्सच्या संमतीवाचून सायप्रस कोणा तिसऱ्याला देण्याची बोलणी करणार नाही, असे फ्रान्सला लिहून दिले. सुमारे दीड वर्षाच्या आत झालेल्या या तीन व्यवहारांत सायप्रसच्या एकाही माणसाला कोणी काही विचारले नाही. महासत्तांची स्पर्धा म्हटली की एखादी जागा मिळवण्यासाठी चाललेली झुंज डोळ्यांसमोर येते. सायप्रसच्या बाबतीत मात्र झुंज बहुतेक वेळा ती जागा दुसऱ्याला मिळू नये एवढ्यासाठीच झालेली दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. जानेवारी १९५० मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चने ग्रीसमध्ये विलीनीकरणाच्या, म्हणजे एनोसिसच्या, प्रश्नावर चर्चमध्ये सह्या घेतल्या आणि ग्रीक सायप्रसवासीयांपैकी सुमारे ९६ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच वर्षी मकारिओस तिसरे हे आर्चबिशप झाले. त्या होकारात बेटावरील सुमारे १८ टक्के तुर्की लोकांचा विचार नव्हता, आणि ही चूक लंडनची नव्हे, बेटाची राजधानी असलेल्या निकोसियाची होती, हे नोंदवून ठेवले पाहिजे. दुसरीकडे, सुएझमधून पाय काढावा लागत असलेल्या ब्रिटनने १९५४ मध्ये मध्यपूर्वेचे आपले लष्करी मुख्यालय सायप्रसला हलवले, आणि त्याच जुलैमध्ये राज्यमंत्री हेन्री हॉपकिन्सन यांनी संसदेत, काही प्रदेशांना पूर्ण स्वातंत्र्याची अपेक्षा कधीच करता येणार नाही, अशा आशयाचे विधान केले. त्या एका ‘कधीच नाही’ने जे व्हायचे तेच झाले. १ एप्रिल १९५५ रोजी ग्रिवास यांच्या एओका या भूमिगत संघटनेने बॉम्बस्फोटांनी सशस्त्र लढा सुरू केला.

ब्रिटनने यावर योजलेला उपाय आपल्याला अगदी ओळखीचा वाटावा असा आहे. १९५५ च्या ऑगस्टअखेर लंडनमध्ये त्रिपक्षीय परिषद बोलावण्यात आली आणि तोवर १९२३ च्या लॉझानच्या तहानुसार बेटावरचा हक्क सोडून बसलेल्या तुर्कस्तानला वादातील अधिकृत पक्षकार करण्यात आले. परिषद चालू असतानाच इस्तंबूलमधील ग्रीक वस्तीवर भयंकर हल्ले झाले. इकडे बेटावर एओकाशी लढण्यासाठी तुर्की तरुणांची पोलीस दलात मोठी भरती झाली, त्यामुळे एओकाच्या गोळीला बळी पडणारा पोलीस बहुधा तुर्की असे आणि प्रत्येक खुनाबरोबर दोन समाजांमधले अंतर वाढत जाई. पुढे तुर्कांची टीएमटी ही संघटना फाळणीची मागणी घेऊन उभी राहिली. एक समाज विलीनीकरण मागत होता, दुसरा फाळणी. आणि स्वतंत्र सायप्रस हवा असे म्हणणाऱ्यांना दोन्हीकडे देशद्रोही ठरवले जात होते. संयुक्त राष्ट्रांत कृष्ण मेनन यांच्यामार्फत भारताने स्वातंत्र्याचीच भूमिका मांडली होती, आणि ती ना अथेन्सला मनापासून रुचली ना अंकाराला.

अखेर स्वातंत्र्यच मिळाले, पण कसे? फेब्रुवारी १९५९ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या पंतप्रधानांनी झुरिचमध्ये बसून आराखडा ठरवला आणि तो सहीसाठी लंडनला नेला. तिथे येताना तुर्की पंतप्रधान मेंदेरेस यांचे विमान गॅटविकजवळ कोसळले. ते बचावले आणि त्यांनी रुग्णालयातच सही केली. मकारिओस यांना आराखडा जवळपास तयार स्वरूपात मिळाला. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की आणि दोघांनाही नकाराधिकार. संसदेत व नोकऱ्यांत ७०:३०, लष्करात ६०:४०. करविषयक कायद्यांना दोन्ही गटांचे वेगवेगळे बहुमत. ब्रिटनने अक्रोतिरी आणि ढेकेलिया येथील ९९ चौरस मैलांचा मुलूख स्वतःच्या सार्वभौमत्वाखाली ठेवला; तो भाड्याने घेतलेला नाही, की कधी परत करायचाही नाही. १६ ऑगस्ट १९६० रोजी प्रजासत्ताक जन्माला आले.

त्याच दिवशी झालेला हमी करार जेमतेम पाच कलमांचा आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तीन देश सायप्रसच्या स्वातंत्र्याची, अखंडतेची आणि राज्यघटनेची हमी घेतात. विलीनीकरण आणि फाळणी या दोन्ही गोष्टींना मनाई करतात. आणि लगेच तिसऱ्या कलमात सायप्रस, ग्रीस व तुर्कस्तान हे ब्रिटनच्या तळांची अखंडता मान्य करतात. म्हणजे हमी सायप्रसला जितकी होती तितकीच ब्रिटनच्या तळांनाही होती. खरी मेख चौथ्या कलमात आहे. करारभंग झाल्यास तिघांनी एकमेकांशी विचारविनिमय करावा. एकत्र कृती शक्य नसेल तर प्रत्येकाला, करारातील स्थिती पुन्हा प्रस्थापित करण्याच्या एकमेव हेतूने, स्वतंत्रपणे कृती करण्याचा अधिकार राहील. ‘कृती’ म्हणजे निषेधाचे पत्र की रणगाडे, याविषयी कलमात अवाक्षर नाही. ज्या देशाला बेट आपल्यात विलीन व्हावे असे वाटत होते आणि ज्याला ते तोडून हवे होते, त्या दोघांनाच अखंडतेचे राखणदार नेमणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होते.

तीन वर्षांतच ही घटना मोडून पडली. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांनी तिच्यात तेरा बदल सुचवले, त्यांत नकाराधिकार काढून टाकण्याचाही समावेश होता. डिसेंबरमध्ये निकोसियात रक्तपात सुरू झाला, आणि वर्ष संपता संपता ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने शस्त्रसंधीची रेषा आखली. पेन्सिल हिरवी होती म्हणून तिचे नाव ग्रीन लाइन पडले आणि आजही ते तेच आहे. सुमारे पंचवीस हजार तुर्की सायप्रसवासी घरे सोडून लहान लहान वेढलेल्या वस्त्यांत गेले. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शांतिदल आले. त्याचे पहिले सेनापती जनरल ग्यानी, आणि त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या, हे दोघेही भारतीय होते. थिमय्या यांचे निधन डिसेंबर १९६५ मध्ये निकोसियातच, कामावर असताना झाले. आपल्या वृत्तवाहिन्यांना तुर्कस्तानला शह देण्याच्या नादात हा दुवा मात्र फारसा आठवला नाही.

याच टप्प्यावर अमेरिका पुढे आली आणि स्पर्धेचे स्वरूप बदलले. शीतयुद्ध होते, त्यामुळे वाद मुळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला असेल असे वाटते. पण सायप्रसचे दुखणे असे की त्याच्यावरून भांडणारे ग्रीस आणि तुर्कस्तान हे दोघेही नाटोचे सदस्य होते. वॉशिंग्टनला त्यांच्यातले युद्ध टाळायचे होते, आणि अलिप्ततावादी मकारिओस यांनी सोव्हिएत संघाशी ठेवलेली सलगीही खपत नव्हती. बेटावर कम्युनिस्ट पक्ष बळकट होता, आणि मकारिओस यांना ‘भूमध्य समुद्रातला कॅस्ट्रो’ म्हणून हिणवले जात होते. जून १९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी तुर्की पंतप्रधान इनोनू यांना कडक पत्र लिहिले : तुम्ही स्वारी केलीत आणि त्यातून सोव्हिएत हस्तक्षेप ओढवला, तर नाटो तुमच्या मदतीला येईलच असे धरून चालू नका. स्वारी टळली, तुर्कस्तान दुखावला. मग अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांनी तोडगा काढला की बेट ग्रीसला द्यावे आणि ईशान्येकडील कार्पास द्वीपकल्पात तुर्कस्तानला लष्करी तळ द्यावा. दोन मित्रांची समजूत घालण्यासाठी एक स्वतंत्र देश वाटून टाकावा, हा विचार वॉशिंग्टनला व्यवहार्य वाटला, यातच सारे आले.

१९७४ च्या उन्हाळ्यात हमीदारांनी आपापली हमी कशी पाळली ते पाहा. १५ जुलैला अथेन्समधील लष्करशहांनी सायप्रसच्या नॅशनल गार्डमधील आपल्या अधिकाऱ्यांकरवी बंड घडवून आणले आणि निकोस सॅम्पसन या जुन्या बंदूकधाऱ्याला राष्ट्राध्यक्ष केले. मकारिओस निसटून पाफोसला आणि तिथून ब्रिटिश तळामार्गे देशाबाहेर गेले. १७ तारखेला तुर्की पंतप्रधान एजेवित लंडनला पोहोचले आणि त्यांनी संयुक्त कारवाईचा प्रस्ताव मांडला. सैन्य, विमाने आणि तळ बेटावरच असूनही ब्रिटनने नकार दिला. २० जुलैला तुर्की फौजा किरेनियाजवळ उतरल्या. इथवर तुर्कस्तानजवळ चौथ्या कलमाचा आधार तरी होता. तीन दिवसांत अथेन्सची लष्करशाही कोसळली, सॅम्पसनही गेला. करारातील स्थिती पुन्हा आणायची असती तर ती संधी तेव्हाच होती. प्रत्यक्षात जिनिव्हात बोलणी चालू असताना, १४ ऑगस्टला तुर्की सैन्याने दुसरी चढाई केली आणि बेटाचा ३६ टक्क्यांहून अधिक भाग ताब्यात घेतला. या दुसऱ्या चढाईचे समर्थन त्या करारातून करता येत नाही, कितीही ओढाताण केली तरी. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे निर्वासित झाले, पुढे हजारो तुर्की उत्तरेकडे गेले, आणि १९६३ पासूनच्या बेपत्ता लोकांची अधिकृत यादी २,००२ नावांची झाली.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी हे सारे घडवून आणले, अशी ठाम समजूत ग्रीक बाजूला अजूनही आहे. मला त्यासाठी कटाची गरज वाटत नाही. निक्सन ९ ऑगस्टला पायउतार झाले होते, नाटोची दक्षिण बाजू सांभाळायची होती, आणि तुर्कस्तानातील अमेरिकी तळांवरून सोव्हिएत हालचालींवर नजर ठेवली जात होती. एवढ्या कारणांवरून एखादा हिशेबी मंत्री काय करील ते सांगायला गुप्त कागद लागत नाहीत. पुढे अमेरिकी काँग्रेसने १९७५ मध्ये तुर्कस्तानला शस्त्रबंदी केली, तुर्कस्तानने अमेरिकी तळांचे काम बंद पाडले, आणि १९७८ मध्ये ती बंदी उठली. बेटावरची रेषा मात्र तसूभरही हलली नाही.

ही रेषा, म्हणजे दोन्ही बाजूंमधला राखीव पट्टा, सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी ती सात किलोमीटर रुंद होते आणि जुन्या निकोसियात एखाद्या बोळाएवढी अरुंद. जुना विमानतळ १९७४ मध्ये तिसरे भारतीय सेनापती, जनरल प्रेमचंद, शांतिदलाचे प्रमुख असताना संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली घेतला गेला. तो तेव्हापासून बंद आहे आणि एक ट्रायडेंट विमान तिथे गंजत पडले आहे. परंतु मला या शहरातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती जमिनीखालची. निकोसियाचे सांडपाणी उताराने उत्तरेकडे वाहते आणि प्रक्रिया केंद्रही उत्तरेतच आहे. नळ अर्धवट टाकून दोन्ही बाजूंना दुर्गंधी सोसण्याखेरीज पर्याय नव्हता, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी एकमेकांच्या पदाला मान्यता न देताच ती योजना पूर्ण केली. ना हमीदार मध्ये होते, ना कोणाचा लष्करी तळ पणाला लागला होता, काम झाले. उलट उदाहरण २०१६ चे. तुर्कस्तानने हिवाळ्यात घड्याळे मागे न घेण्याचे ठरवले, फक्त तुर्कस्तानची मान्यता असलेल्या उत्तर सायप्रसने त्याचे अनुकरण केले, आणि त्या हिवाळ्यात एकाच शहरात रस्ता ओलांडला की तासाचा फरक पडू लागला.

मधल्या काळात पटावर नवे खेळाडू आले. १९९७ मध्ये दक्षिणेने रशियाकडून एस-३०० क्षेपणास्त्रे मागवली, तुर्कस्तानने हल्ल्याची धमकी दिली, आणि ती अखेर क्रीटला पाठवावी लागली. रशियन पैसा बँकांत साठत गेला आणि २०१३ च्या संकटात मोठ्या ठेवीदारांना त्याची किंमत मोजावी लागली. २०११ पासून दक्षिणेकडील समुद्रात नैसर्गिक वायू सापडू लागला. २०१८ मध्ये तुर्की युद्धनौकांनी एका इटालियन कंपनीच्या खोदकाम जहाजाची वाट अडवली. युक्रेन युद्धानंतर सायप्रसने रशियन युद्धनौकांना बंदरे बंद केली आणि अमेरिकेने १९८७ पासूनची सायप्रसवरील शस्त्रबंदी उठवली. उत्तरेत तुर्की फौजा आहेतच.

युरोपीय संघाने केलेली चूक मला या सर्वांत अधिक अक्षम्य वाटते. एप्रिल २००४ मध्ये बेट पुन्हा एक करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेवर दोन्हीकडे सार्वमत झाले. उत्तरेतील सुमारे ६५ टक्के लोकांनी होकार दिला, दक्षिणेतील ७६ टक्के लोकांनी नकार. दक्षिणेला योजनेविषयी खऱ्या शंका होत्या, त्यांत तुर्की सैन्य आणि हमीचे कलम कायम राहणे ही मुख्य. परंतु निकाल काहीही लागला तरी आठवडाभरात सदस्यत्व मिळणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे, तडजोड करण्यासाठी दक्षिणेवर कसलाच दबाव उरला नव्हता. होकार देणारे बाहेर राहिले, नकार देणारे आत गेले.

२०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रां-मोंताना येथे तोडगा जितका जवळ आला तितका पूर्वी क्वचितच आला असेल. तिथेही मुख्य अडथळा हमी आणि तुर्की सैन्य हाच होता. ग्रीसला हमी पूर्णपणे रद्द हवी होती, तुर्कस्तान ती सोडायला तयार नव्हता, आणि दोन्ही समाजांना मान्य होईल ते आपल्याला चालेल असे ब्रिटनने सांगितले. ब्रिटनचा हा उदारपणा समजण्यासारखा आहे, कारण तळांवरील त्याचे सार्वभौमत्व हमी कराराखेरीज वेगळ्या स्थापना करारावर उभे आहे आणि त्या कराराला त्या बैठकीत कोणी हात लावला नव्हता. त्यानंतर तुर्कस्तान दोन राज्यांची भाषा बोलू लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र उत्तरेतील मतदारांनी संघराज्याचा पुरस्कार करणाऱ्या तुफान एर्हुरमान यांना आपले नेते म्हणून सुमारे ६३ टक्के मतांनी निवडून दिले. आता बोलणी पुन्हा सुरू झाली, तर कोणते गाव कोणत्या बाजूला जाणार यावर वर्तमानपत्रे नकाशे छापतील. मी मात्र आधी हे पाहीन, की चौथ्या कलमाचा विषय पहिल्या दिवशी निघतो की १९५९ सारखा तो पुन्हा तिघांवर सोपवून ठेवला जातो.